दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे

जानेवारी १९८४ मध्ये स्टीव्ह जॉब्सने कापडी पिशवीतून मॅकिंटॉश संगणक बाहेर काढला आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. ते सभागृह ॲपलच्या मालकीचं नव्हतं. ते होतं क्युपर्टिनोतल्या डी अँझा कॉलेजचं, म्हणजे गावातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजचं. ॲपलचा दुसरा संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक तरुणपणी याच कॉलेजात काही काळ शिकला आणि पुढे बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. कॅलिफोर्नियात याचं कुणाला नवल वाटत नाही. आधी कम्युनिटी कॉलेज, मग विद्यापीठ, हा तिथला मळलेला रस्ता आहे. त्या रस्त्यावरची सर्वांत गर्दीची शाखा आहे ती व्यवसाय प्रशासनाची, आपल्याकडच्या भाषेत बीबीए-बीकॉमच्या वळणाची. गर्दी असली तरी रस्ता सोपा नाही.

आपल्याकडे कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असतं आणि पदवी विद्यापीठाच्या नावाने मिळते. तिथलं कम्युनिटी कॉलेज विद्यापीठाशी संलग्न नसतं. तो स्वतंत्र स्थानिक जिल्ह्याचा कारभार असतो, त्याचं विश्वस्त मंडळ लोक मतदान करून निवडतात. अशी कॉलेजं कॅलिफोर्नियात ११६ आहेत. प्रवेशाला गुणांची अट नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेला कुणीही नाव नोंदवू शकतो. शेजारच्या बाकावर शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी असेल, तशीच दिवसभर गोदामात काम करून संध्याकाळी येणारी चाळिशीची बाईही असेल. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटमागे, म्हणजे आपल्याकडच्या क्रेडिटमागे, ४६ डॉलर शुल्क पडतं. दोन वर्षांचा अभ्यास साधारण ६० युनिटांचा, म्हणजे शिकवणीचा सगळा खर्च २,७६० डॉलर. हीच दोन वर्षं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत काढली तर रहिवाशालाही वर्षाला सुमारे १५ हजार डॉलर मोजावे लागतात. राहणं-खाणं त्यात धरलेलं नाही. मुलगा घरी राहून कॉलेजला जात असेल तर फरक आणखी वाढतो. चौथ्या वर्षाच्या शेवटी मात्र दोघांच्या हातात एकच पदवी पडते.

ही सोय आपोआप झालेली नाही. १९०७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने हायस्कुलांना शालेय शिक्षणानंतरचे वर्ग चालवायला परवानगी दिली. १९१० मध्ये फ्रेझ्नो या शेतीच्या गावात असं पहिलं ज्युनिअर कॉलेज, म्हणजे आजच्या भाषेत कम्युनिटी कॉलेज, निघालं. द्राक्षं-मनुक्यांच्या त्या मुलखातून बर्कली किंवा स्टॅनफर्ड गाठणं सामान्य घरांच्या आवाक्याबाहेरचं होतं. पहिली दोन वर्षं गावातच शिकवावी, पुढचं विद्यापीठाने बघावं, असा साधा व्यवहारी विचार त्यामागे होता.

त्या विचाराला राज्यव्यापी चौकट मिळाली १९६० मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी कॉलेजच्या दाराशी येऊन ठेपली होती आणि राज्याला घाम फुटला होता. यूसीचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन तयार झाला आणि गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी त्यावर आधारलेल्या कायद्यावर सही केली. वाटणी अशी ठरली : हायस्कूलमधली वरची साडेबारा टक्के मुलं यूसीत, वरची एक तृतीयांश मुलं स्टेट कॉलेजांत, म्हणजे आजच्या कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठांत, आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज खुलं. वाटणी कठोर होती. पूर्वी यूसीचं दार वरच्या १५ टक्क्यांना आणि स्टेट कॉलेजांचं दार वरच्या निम्म्यांना उघडं असे. दोन्ही दारं अरुंद झाली. त्याची भरपाई म्हणून असं ठरलं की कम्युनिटी कॉलेजात चांगले गुण मिळवणाऱ्यांसाठी विद्यापीठांनी तिसऱ्या वर्षात जागा राखून ठेवायच्या. आजही यूसी दोन नवागत विद्यार्थ्यांमागे एक बदली विद्यार्थी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून तिसऱ्या वर्षात येणारा, घेण्याचं उद्दिष्ट बाळगते आणि त्या बदली विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतून येतात. अठराव्या वर्षी ज्याचं गुणपत्रक बेताचं होतं त्याला विसाव्या वर्षी पुन्हा विचारलं जातं. बारावीच्या एका निकालावर आयुष्य बेतणाऱ्या आपल्याकडच्या घरांना यातलं मोल वेगळं सांगायला नको.

पण पुन्हा विचारतात ते काय विचारतात? गुण विचारतात हे उघडच आहे. त्याच्याआधी विचारतात : कोणते विषय केलेत?

इथे या व्यवस्थेचं खरं यंत्र सुरू होतं आणि बाहेरच्यांना ते सहसा दिसत नाही. प्रत्येक कॉलेज आणि प्रत्येक विद्यापीठ यांच्यात एकेका विषयाचा करार असतो. अमुक कॉलेजचा अमुक क्रमांकाचा वर्ग म्हणजे आमच्या विद्यापीठाचा तमुक वर्ग, असं दोन्हीकडचे प्राध्यापक अभ्यासक्रम पडताळून मान्य करतात. हे हजारो करार ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर बघायला मिळतात. कॉलेज निवडा, विद्यापीठ निवडा, शाखा निवडा, की दोन स्तंभ समोर येतात. एका बाजूला विद्यापीठाचा विषय, दुसऱ्या बाजूला तुमच्या कॉलेजातला समकक्ष विषय. काही ठिकाणी उजवा स्तंभ कोरा असतो. तुमच्या कॉलेजात त्या विषयाला तोड नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग तो एक विषय शेजारच्या कॉलेजात जाऊन करावा लागतो आणि तशी मुभा आहे. कॉलेज निवडण्याआधी हे पान उघडणारी घरं थोडी. माझ्या मते मात्र पार्किंग, प्रयोगशाळा आणि इमारतींचे फोटो बघण्याआधी बघायची गोष्ट हीच.

व्यवसाय शाखेत या स्तंभांना विशेष धार येते. इतिहास किंवा समाजशास्त्र घेणाऱ्याला आधी केलेच पाहिजेत असे विषय मोजके असतात. व्यवसाय शाखेची पहिली दोन वर्षं म्हणजे पुढच्या इमारतीचा पाया, आणि त्यातल्या बहुतेक विटा ठरलेल्या आहेत. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठांत तो पाया साधारण असा : आर्थिक अकाउंटिंग, व्यवस्थापकीय अकाउंटिंग, सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवसायासाठीचं कॅल्क्युलस आणि व्यवसायविषयक कायदा. त्याशिवाय इंग्रजी लेखन, विज्ञान, मानव्यविद्या असं सर्वसाधारण शिक्षण वेगळं. २०२५ च्या शरद सत्रापासून नव्याने येणाऱ्यांसाठी हा सर्वसाधारण भाग ‘कॅल-गेटसी’ नावाच्या एकाच आराखड्यात बसवला आहे : ११ विषय, ३४ युनिटं, यूसी आणि स्टेट दोन्हींना चालणारे. आधी दोघांचे आराखडे वेगळे होते आणि दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याला दोन याद्यांचा मेळ घालत बसावं लागे. २०२१ च्या एका कायद्याने तो गोंधळ मिटवायला लावला.

शाखेच्या विषयांचा गोंधळ मात्र मिटलेला नाही, आणि बहुतेक मुलं अडखळतात ती इथेच. यूसीच्या दोन सर्वांत मागणीतल्या जागा घेऊ. बर्कलीतलं हास बिझनेस स्कूल १८९८ मध्ये कॉलेज ऑफ कॉमर्स म्हणून निघालं. देशातल्या सार्वजनिक विद्यापीठांमधली व्यवसायशिक्षणाची ती सर्वांत जुनी संस्था. १९८९ मध्ये तिला लिव्हाय स्ट्रॉस या जीन्सच्या कंपनीचे प्रमुख राहिलेल्या वॉल्टर हास यांचं नाव मिळालं. तिथे बदलीने येऊ पाहणाऱ्याकडे अर्थशास्त्र, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, इंग्रजी लेखन आणि व्यवसायाची तोंडओळख करून देणारा एक विषय मागतात. अकाउंटिंग मागत नाहीत, ते प्रवेशानंतर स्वतः शिकवतात. आता लॉस एंजेलिसची यूसीएलए बघा. तिथे पदवीच्या पातळीवर व्यवसाय प्रशासन अशी शाखाच नाही. जवळची शाखा म्हणजे अर्थशास्त्र विभागातलं बिझनेस इकॉनॉमिक्स. आणि तिथे अकाउंटिंगचे प्राथमिक विषय आधीच झालेले हवेत. कॅल्क्युलसही व्यवसायवाल्यांसाठीचं हलकं चालत नाही, अभियंते आणि शास्त्रज्ञ करतात तसलं लागतं. म्हणजे स्टेट विद्यापीठ डोळ्यांपुढे ठेवून एका सत्राचं व्यवसाय-कॅल्क्युलस करून मोकळा झालेला मुलगा दुसऱ्या वर्षी यूसीएलएचा विचार करू लागला, तर त्याला गणिताच्या वर्गात पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहावं लागतं. आणि तोवर वेळ उरलेला नसतो.

दुसरी खाच आणखी फसवी आहे. कम्युनिटी कॉलेजांत मार्केटिंग, मनुष्यबळ व्यवस्थापन, लघुउद्योग, जाहिरात असे आकर्षक वर्ग असतात. व्यवसाय शिकायला निघालेल्याला ते घ्यावेसे वाटणारच. पण बिझनेस स्कुलांच्या चार वर्षांच्या रचनेत हे विषय वरच्या दोन वर्षांचे, आणि ते विद्यापीठ आपल्याच छपराखाली शिकवतं. कॉलेजातला मार्केटिंगचा वर्ग बदलीत ऐच्छिक युनिट म्हणून जमा होईल, पण विद्यापीठातल्या मार्केटिंगच्या सक्तीच्या विषयातून तुमची सुटका करणार नाही. हा नुसता अहंकार नाही. बिझनेस स्कुलांना मान्यता देणारी १९१६ सालची संस्था, एएसीएसबी, पदवीचा गाभा कोण आणि कसा शिकवतं यावर बारीक लक्ष ठेवते. तरीही एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. ते वर्ग कॉलेजात का असतात? कारण कॉलेजचं दुसरं कामही आहे : दुकान चालवणाऱ्याला, हिशेबनीस होऊ पाहणाऱ्याला दोन वर्षांत पोटापुरतं कौशल्य देणं. एकाच वेळापत्रकात दोन वेगळ्या प्रवासांचे वर्ग शेजारी शेजारी छापलेले असतात आणि कोणता वर्ग कोणाचा हे नवख्याला कळत नाही.

तिसरी अडचण कॅलेंडरची. बहुतेक कम्युनिटी कॉलेजं सत्रांवर चालतात, वर्षाला दोन. डी अँझा आणि शेजारचं फूटहिल मात्र तिमाहीवर चालतात. तिमाहीचं दीड युनिट म्हणजे सत्राचं एक युनिट, म्हणून तिथे ६० च्या जागी ९० युनिटं लागतात. एवढं गणित कुणालाही जमेल. गोची होते ती मालिकेच्या विषयांत. सत्रवाल्या कॉलेजात अकाउंटिंग दोन भागांत संपतं, तर डी अँझात तोच अभ्यास १अ, १ब, १क असा तीन तिमाहींत वाटलेला असतो. दोन तिमाही करून कुणी घर बदललं आणि सत्रवाल्या कॉलेजात गेला, तर त्याचं अकाउंटिंग दोन तृतीयांशच झालेलं असतं. अर्धवट विषय कुणी मोजत नाही. करारात ‘तिन्ही मिळून त्या दोन’ असं लिहिलेलं असतं आणि तीन पुरे झाल्याशिवाय दोघांपैकी एकाचंही श्रेय पक्कं मिळेल याची खात्री नसते. कल्याणला गाडी बदलणाऱ्याला ठाऊक असतं की पुढची गाडी आपल्यासाठी थांबत नाही. मालिकेचा विषय सुरू केला की त्याच कॉलेजात संपवावा, हा सल्ला म्हणूनच तिथले जुने समुपदेशक देतात.

विषयांच्या क्रमांकांचाही असाच घोळ होता. संख्याशास्त्राचा एकच प्राथमिक वर्ग एका कॉलेजात ‘मॅथ १०’ तर दुसरीकडे आणखी कुठल्या आकड्याने ओळखला जायचा. २०२१ च्या दुसऱ्या एका कायद्याने ११६ कॉलेजांना सामाईक क्रमांक वापरणं सक्तीचं केलं आणि २०२५ च्या शरदापासून पहिली खेप लागू झाली. आता संख्याशास्त्र सगळीकडे ‘स्टॅट सी१०००’. इतकी साधी गोष्ट व्हायला शंभर वर्षं का लागावीत, असा प्रश्न पडतो. प्रत्येक कॉलेज स्वायत्त, प्रत्येक विभागाचे प्राध्यापक आपल्या वर्गाचे मालक, आणि क्रमांक बदलायचा म्हणजे अभ्यासक्रमावर चर्चा आली. आपल्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर बसलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

आता घड्याळाकडे वळू, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. बोलताना सगळे म्हणतात, दोन वर्षं कॉलेज करा, मग बदली घ्या. कागदावर ते खरं आहे. पण यूसीचा अर्ज भरायचा असतो आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. समजा मुलगी २०२५ च्या सप्टेंबरात कॉलेजला लागली आणि २०२७ च्या शरदात विद्यापीठात जायचं म्हणते. तिचा अर्ज जाणार २०२६ च्या नोव्हेंबरअखेर. त्या दिवशी तिच्या हातात फक्त पहिल्या वर्षाचे गुण असतात. दुसऱ्या वर्षाचे विषय ‘चालू’ आणि ‘करणार’ अशा रकान्यांत जातात. जानेवारीअखेर शरदाचे गुण कळवायचे, एप्रिलमध्ये निकाल, १ जूनपर्यंत होकार. म्हणजे निवाडा मुख्यतः पहिल्या वर्षावर होतो. आणि पहिल्या वर्षात कॅल्क्युलसची मालिका सुरू झाली नसेल, तर ती दुसऱ्या वर्षाच्या वसंतापर्यंत संपेलच याची शाश्वती नाही. पूर्वअटीचे विषय प्रवेशाआधीच्या वसंतात संपलेले असणं व्यवसाय शाखांत बहुधा बंधनकारक असतं. ‘उन्हाळ्यात करून टाकू’ हे तिथे चालेलच असं नाही.

त्यामुळे बदलीचा खरा निर्णय अर्जाच्या वेळी होतच नाही. अठरा वर्षांचा मुलगा ऑगस्टमध्ये पहिल्या सत्राचे चार विषय निवडतो, बरेचदा मित्र कोणत्या वर्गात आहे आणि सकाळी आठचा तास टाळता येतो का हे बघून, तेव्हाच निम्मा निकाल लागलेला असतो.

व्यवस्थेने या अनिश्चिततेवर दोन उतारे काढले आहेत. यूसीच्या नऊ पदवी शिकवणाऱ्या विद्यापीठांपैकी सहा, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, प्रवेशाची हमी देतात. ठरावीक विषय, ठरावीक गुणसरासरी गाठली आणि सप्टेंबरात ‘टॅग’ नावाचा वेगळा अर्ज भरला, तर जागा पक्की. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. शिवाय टॅगमध्ये कोणत्या शाखा धरायच्या हे प्रत्येक विद्यापीठ ठरवतं, आणि गर्दीच्या शाखांवर पहिली कुऱ्हाड पडते. दुसरा उतारा स्टेट विद्यापीठांचा. २०१० च्या कायद्याने ‘बदलीसाठीची सहयोगी पदवी’ निघाली. कॉलेजात ६० युनिटांची ती पदवी व्यवसाय प्रशासनात पुरी करा, स्टेट विद्यापीठांच्या जाळ्यात कुठे तरी जागा मिळेल आणि पुढच्या ६० युनिटांत पदवी संपेल. यातला ‘कुठे तरी’ हा शब्द नीट ऐकावा. सॅन होजेत राहणाऱ्याला सॅन होजे स्टेट हवं असतं आणि हमी मात्र दोनशे मैलांवरच्या विद्यापीठाची मिळू शकते. तरीही यूसीपेक्षा बरंच कमी शुल्क, अकाउंटिंग आणि फायनान्सचे बळकट विभाग आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांशी जुनी ओळख, यांमुळे सॅन होजे स्टेटसारखी विद्यापीठं मला या चर्चेत उगाच मागच्या रांगेत बसवलेली वाटतात. आपल्या लोकांना बर्कली आणि यूसीएलए या दोन नावांपलीकडे ऐकू येत नाही, हे त्याचं कारण.

हासचा रस्ता तर अधिकच निमुळता झाला आहे. पूर्वी बर्कलीतली मुलंसुद्धा दुसऱ्या वर्षी हाससाठी अर्ज करत. २०२२ मध्ये मिळालेल्या तीन कोटी डॉलरच्या देणगीच्या बळावर २०२४ पासून तो चार वर्षांचा अभ्यासक्रम झाला आणि बहुतेक मुलं आता हायस्कूलमधूनच थेट आत येतात. बदलीचं दार अजून उघडं आहे, पण तिथे अर्ज करणाऱ्या शंभर बदली विद्यार्थ्यांपैकी आत जाणाऱ्यांची संख्या एक आकडीच असते. रहिवाशाला यूसीचा किमान निकष म्हणून २.४ सरासरी पुरते, परराज्यातल्या वा परदेशी विद्यार्थ्याला २.८. पण किमान निकष आणि प्रत्यक्ष प्रवेश यांत किती अंतर असतं हे पुण्या-मुंबईच्या पालकांना कटऑफच्या याद्यांनी शिकवलेलंच आहे.

अर्जात गुणांखेरीज चार छोटे निबंधही असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांचे. त्यातला एक बदली विद्यार्थ्यांना सक्तीचा : निवडलेल्या शाखेसाठी तुम्ही स्वतःला कसं तयार केलंत? दुकानात गल्ला सांभाळल्याचा, काकांच्या टॅक्सकार्यालयात पावत्या लावल्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो. विद्यार्थी मंडळाच्या पदापेक्षा जास्तच.

आता कडू भाग. १९६० मध्येच, मास्टर प्लॅनवर सही झाली त्याच वर्षी, बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचं निरीक्षण बोचरं होतं. सगळ्यांना आत घेणारं कॉलेज हळूहळू बहुतेकांची महत्त्वाकांक्षा थंडही करतं, असं तो म्हणाला. प्रवेशाच्या चाचण्या, समुपदेशकाच्या सूचना, गुण घसरल्यावरची ताकीद, या पायऱ्यांनी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या स्वप्नावरून दोन वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमावर आणलं जातं, आणि तेही त्याला स्वतःचाच निर्णय वाटेल अशा रीतीने. साठ वर्षांनी चित्र किती बदललं? कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकाने सप्टेंबर २०२४ च्या अहवालात सांगितलं की २०१७ ते २०१९ दरम्यान बदलीच्या इराद्याने कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांत बदली झाली ती जेमतेम पाचातल्या एकाची. बाकीचे सगळे नापास झाले असं नाही. कुणाला नोकरीचे तास वाढवावे लागले, कुणाला घरातलं आजारपण निभवावं लागलं, कुणी युनिटं साठवत राहिला पण करारातले विषय जुळले नाहीत. पूर्वी गणितात कच्चे ठरलेल्यांना वर्षभर विनाश्रेयाचे पायाभूत वर्ग करावे लागत आणि तिथेच पुष्कळ जण गळत. २०१७ च्या कायद्याने ती अडगळ बरीचशी हटवली आणि बहुतेकांना थेट बदलीयोग्य गणितात बसवलं. तरी व्यवसाय शाखेत कॅल्क्युलसचा उंबरठा आहे तिथेच आहे.

क्युपर्टिनो, सनीव्हेल, फ्रीमाँट इथल्या मराठी घरांत हा विषय थोडा दबक्या आवाजात निघतो. शेजाऱ्यांचा मुलगा थेट यूसीत गेला आणि आपला डी अँझाला किंवा ओलोनी कॉलेजला जातो, हे मंडळाच्या गणेशोत्सवात सांगताना आईच्या आवाजात किंचित खुलासा असतो. त्याची गरज नाही, हे शुल्काचे आकडे सांगतातच. पण या घरांपुढे एक खरा पेचही असतो. वडील एच-१बी या कामाच्या व्हिसावर आणि मुलगा एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असेल, तर पुरेसा काळ राज्यात राहिल्यावर त्याला रहिवाशाचं शुल्क लागू होऊ शकतं. मुलगा २१ वर्षांचा झाला की एच-४ संपतो. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात, तेव्हा मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. शुल्काची वर्गवारी मग नव्याने तपासली जाते आणि यूसीत परराज्यीय म्हणून वर्षाला तीस हजारांहून अधिक डॉलरचा जादा बोजा अंगावर येण्याचा धोका उभा राहतो. बदली विद्यार्थी नेमका विसाव्या-एकविसाव्या वर्षी विद्यापीठात पोचतो. म्हणून अशा घरांनी विषयांच्या यादीइतकंच वाढदिवसाच्या तारखेकडे बघावं आणि इमिग्रेशन वकिलाला पहिल्या वर्षीच गाठावं.

महाराष्ट्रातून थेट तिथल्या कम्युनिटी कॉलेजात जाणारे थोडे असतात, कारण आपली मुलं बहुतांशी पदवीनंतर एमएससाठी जातात. जे जातात त्यांना स्थानिकांच्या ४६ डॉलरचा दर लागत नाही, त्यांचा दर कित्येक पटींनी चढा असतो. आणि बारावी कॉमर्सला बुक कीपिंगमध्ये नव्वदीपार गुण असले, तरी तिथे अकाउंटिंगच्या पहिल्या वर्गातून माफी मिळत नाही. नावे-जमेचा अर्थ दोन्हीकडे एकच असल्यामुळे तो वर्ग अशा मुलांना सोपा जातो, एवढाच दिलासा.

आपल्याकडे याचा जवळचा नातेवाईक म्हणजे पॉलिटेक्निकची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाणारा विद्यार्थी. बीबीएला तशी पायवाट नाही. २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, श्रेयं खात्यात साठू लागली. पण खात्यात श्रेयं असणं आणि ती दुसऱ्या विद्यापीठाने नेमक्या विषयापोटी मोजणं, यांच्यामध्ये कॅलिफोर्नियाने कित्येक दशकं चालवलेलं ते रटाळ काम उभं आहे : एकेका वर्गाचा अभ्यासक्रम दुसऱ्याशी ताडून बघणं आणि तो करार सर्वांना दिसेल अशा जागी लावणं.

आणि कॅलिफोर्नियात जे विद्यापीठापर्यंत पोचतात त्यांचं काय होतं? १९६५ मध्ये जॉन हिल्स या अभ्यासकाने बदली विद्यार्थ्यांच्या गुणांचा मागोवा घेतला आणि ‘बदलीचा धक्का’ हे नाव रूढ केलं. विद्यापीठातल्या पहिल्या सत्रात गुण घसरतात आणि बहुतेकांचे पुढे सावरतात. तीस जणांच्या वर्गातून तीनशे जणांच्या सभागृहात आल्यावर ते व्हायचंच. व्यवसाय शाखेत मात्र सावरायला उसंत मिळत नाही. मोठ्या बँका आणि सल्लागार कंपन्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी इंटर्नशिपची निवड आता दुसऱ्या वर्षातच सुरू करतात, म्हणजे बदली विद्यार्थी कॉलेजात असतानाच. अकाउंटिंग कंपन्याही शरदात लवकर येतात. यूसी बदलीची युनिटं मोजते, पण कॉलेजातले गुण आपल्या सरासरीत धरत नाही. ज्या गुणांनी प्रवेश मिळवून दिला ते बाजूला राहतात आणि सरासरी कोऱ्या पाटीवर सुरू होते. यूसीएलएची तिमाही सप्टेंबरअखेर सुरू होते. ऑक्टोबरात कंपन्यांचे प्रतिनिधी आवारात येतात तेव्हा नव्या बदली विद्यार्थ्याकडे विद्यापीठाचा एकही गुण नसतो. रेझ्युमेवर गुणसरासरीपुढे तो कॉलेजचा आकडा लिहितो, शेजारी कॉलेजचं नाव लिहितो आणि मुलाखतीच्या रांगेत उभा राहतो.